इम्युनोथेरपी चालू असताना जुलाब : कॅज्युअल्टीतला माझा अनुभव

आईच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालू आहे, दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम. अर्ध्या तासात सलाईन संपतं, आई घरी येते. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते एका रविवारच्या रात्रीचं, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

एरवी दिवसातून एकदाच संडासला जाणारी आई संध्याकाळपर्यंत सहा वेळा जाऊन आली. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झालं की थांबायचं नाही, असं ऑन्कोलॉजिस्टनी, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी, सुरुवातीलाच बजावलं होतं. ते परगावी होते, म्हणून जवळच्या कॅज्युअल्टीत नेलं.

"बाहेरचं काही खाल्लं का? केमो चालू आहे?"

"केमो नाही, इम्युनोथेरपी."

"तेच ते," म्हणत ड्युटीवरच्या डॉक्टरांनी केसपेपरवर 'केमो' लिहिलं. ओआरएस आणि जुलाब थांबवणारं लोपरामाईड देऊन घरी न्यायला सांगितलं.

तेच ते नाही हो! केमो पेशी मारते. हे औषध प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक काढतं, मग ती कधी आपल्याच आतड्यावर उठते. नुसत्या लोपरामाईडनं जुलाब दबतात, आतली सूज चालूच राहते आणि प्रकरण आतडं फुटण्यापर्यंत जाऊ शकतं. यावर लागतं स्टिरॉइड. मी हे म्हटल्यावर, "कॅन्सरच्या पेशंटला स्टिरॉइड? इन्फेक्शन वाढेल," असं उत्तर आलं. शंका रास्त होती, पण मग स्टूल तपासायला पाठवा ना! तेही होईना. आई स्ट्रेचरवर पोट धरून पडलेली. मी घरी न्यायला ठाम नकार दिला आणि सीनियर फिजिशियनना बोलवायला लावलं. ऑन्कोलॉजिस्टशी त्यांचं फोनवर बोलणं झालं आणि चक्रं फिरली. स्टूलचा नमुना गेला, वजनाच्या हिशेबानं स्टिरॉइड सुरू झालं. 'केमो' शब्दावर काट मारून वर औषधाचं नाव लिहिलं, तेव्हा कुठे मी खाली बसलो.

औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि ऑन्कोलॉजिस्टचा नंबर लिहिलेलं कार्ड पेशंटच्या पाकिटात हवंच. बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड एकदम बंद करू नका. ते चार-सहा आठवड्यांत हळूहळू उतरवतात. आणि हो, नवा खोकला किंवा दम लागला तरी तेवढीच घाई करा, फुफ्फुसाला सूज येऊ शकते. थायरॉईडही बिघडतं, म्हणून रक्तातलं टीएसएच (थायरॉईडशी संबंधित हार्मोन) अधूनमधून तपासतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही हे त्रास उद्भवतात, तेव्हा कार्ड टाकून देऊ नका.

आईचे जुलाब थांबलेत. स्टिरॉइड दिवसाला १० मिलिग्रॅमवर आलं की पुढच्या डोसचं ठरवू, असं डॉक्टर म्हणाले आहेत.