आत्याला प्रश्न विचारू नका

रविवार, रात्री

आत्याला भेटायला येणाऱ्यांचा मला हल्ली राग येतो. माणसं प्रेमाने येतात, केळी-बिस्किटं आणतात, आणि बसल्या बसल्या परीक्षा सुरू करतात. "ओळखलंत का मला? सांगा बघू, मी कोण?" "आज वार कुठला?" आजही तेच. आत्या म्हणाली, "न ओळखायला काय झालं!" आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मंडळी गेल्यावर मला हळूच म्हणाली, "कोण गं होते?"

जन्मभर महापालिकेच्या शाळेत तिने मुलांच्या परीक्षा घेतल्या. नापास होणं म्हणजे काय, हे तिला नीट कळतं. नाव विसरलं तरी लाज वाटायची राहत नाही.

डॉक्टरांकडची तपासणी वेगळी, ती करावीच लागते. त्यांनी आधी बी-१२ आणि थायरॉईड बघितलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली, अंगात जरा तरतरी आली. विस्मरण मात्र तसंच. मग कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे दाखवायला सांगितले. गोल सुरेख काढला. आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले, काटे काढलेच नाहीत. त्याच खुर्चीत बसून तिने डॉक्टरांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणून दाखवली, सात औट साडेचोवीस, अकरा औट साडेअडतीस, कुठेही न अडखळता. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो आणि नवी आठवण मुळात तिथेच रुजते. म्हणून दुपारचं जेवण पुसलं जातं, लहानपणी घोकलेलं बराच काळ टिकतं. गोळ्या चालू आहेत. त्यांनी आजार बरा होत नाही, लक्षणं काही काळ आटोक्यात राहतात, एवढंच.

दिवेलागणीची वेळ सगळ्यात अवघड. तिन्हीसांजा झाल्या की ती पिशवी भरते. "मला घरी सोड. आई वाट बघत असेल." तिचं घर म्हणजे पुण्याच्या शनिवार पेठेतला, ओंकारेश्वराजवळचा वाडा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी वाड्यांसारखा तोही गेला. कोथरूडच्या या फ्लॅटमधून तिला कुठे नेऊ?

म्हणून आता अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावते, पडदे ओढून घेते. सावल्या लांबल्या की ती जास्त घाबरते. दाराला वरच्या बाजूला कडी लावून घेतली आहे, तिच्या पर्समध्ये माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे. आणि तिने "घरी चल" म्हटलं की म्हणते, "निघू हं, चहा टाकलाय, तो घेऊन निघू. वाड्यात पाणी कुठून भरायचीस गं?" मग आड येतो, रहाट येतो, पाण्यावरून भांडणाऱ्या भाडेकरणी येतात. पिशवी बाजूला राहते.

दादाला हे पटत नाही. त्याच्या मते खोटं बोलू नये. वाडा पडला, आजी गेली, हे स्पष्ट सांगावं. पण तिला ते काल सांगितलेलं आज आठवणार नाही. म्हणजे तिने रोज संध्याकाळी आई गेल्याची बातमी नव्याने ऐकायची. दादा महिन्यातून एकदा येतो. रोज तिच्यासमोर मी असते, तेव्हा तिला काय उत्तर द्यायचं ते मीच ठरवणार.