डग्ग्याचा घुमारा

रात्री दिवे मालवून सेनहायझरचे आयई ९०० इअरफोन कानात घातले. पहिली दहा मिनिटं निराशाच! डग्गा पोकळ, आवाज पातळ. मग लक्षात आलं, इअरफोनच्या टोकाची मऊ टिप लहान होती. कान नीट बंद झाला नाही की खालचे स्वर गळून जातात. एक माप मोठी टिप लावली आणि डग्ग्यावरची मनगटाची घसट, मग हळूहळू विरत जाणारा तो घुमारा थेट अंगाशी आला. आत ७ मिमीचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा चिमुकला स्पीकर आहे, हे खरंच वाटेना. (पातळ पत्तीच्या कंपनावर चालणारे, आर्मेचर नावाचे अनेक स्पीकर असलेल्या इअरफोनमध्ये तपशील भरपूर मिळतो, पण ठोक्यामागची हवा मला तिथे क्वचितच जाणवली.) झांज सुरुवातीला जरा बोचली, टिप थोडी आत सरकवल्यावर तीही मवाळली. गायिकेनं ओळीआधी घेतलेला श्वास ऐकायला तीच जागा चार वेळा लावली.