एफटी-८५७डीसाठी यूएसबी-सिरीयल अडॅप्टर निवडताना

याएसू एफटी-८५७डी या हॅम रेडिओवर एफटी८ (संगणकाने छोटे डिजिटल संदेश पाठवण्याची पद्धत) चालवायचं ठरवलं, तेव्हा ऑडिओचं काम एका साध्या यूएसबी साउंड कार्डवर भागलं. खरा विचार करावा लागला तो कॅटसाठी, म्हणजे संगणकावरून फ्रिक्वेन्सी बदलण्यासाठी.

लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नाही, आणि ‘यूएसबी टू सिरीयल’ म्हणून दुकानात मिळणाऱ्या सगळ्या केबली सारख्या नसतात. नऊ पिनांची केबल आरएस-२३२ची, म्हणजे संगणकाच्या जुन्या सिरीयल पोर्टच्या मानकाची. तिच्या वायरींवर उणे आणि अधिक असं दोन्ही बाजूंचं व्होल्टेज येतं. या रेडिओच्या मागचा आठ पिनांचा मिनी-डिन जॅक मात्र ५ व्होल्टच्या टीटीएलवर, म्हणजे फक्त ० आणि ५ व्होल्टच्या सिग्नलवर चालतो. ती केबल थेट जोडली तर सिग्नल उलटे पोचतात आणि रेडिओच्या इनपुटला धोका असतो तो वेगळाच. याएसूची सीटी-६२ केबल हे रूपांतर स्वतःच करते. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून थेट यूएसबी-टीटीएल मॉड्यूल घ्यायचं ठरवलं.

मॉड्यूलमध्ये यूएसबीचं सिरीयलमध्ये रूपांतर करणाऱ्या चिपच्या निवडीवर मी सर्वात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं ठामपणे वाटतं. सीएच३४०जी ही चिप स्वस्त आहे, चालतेही. पण तिला स्वतःचा सिरीयल क्रमांक नसतो, त्यामुळे यूएसबीचं भोक बदललं की विंडोज कॉम पोर्टचा (सिरीयल जोडणीला दिलेल्या नावाचा) आकडा बदलू शकतं. पुढे दुसरं अडॅप्टर जोडायचं असेल तर हा गोंधळ नको होता. म्हणून एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आर चिप निवडली. तिच्या नकला खूप निघतात. २०१४ मध्ये तर एफटीडीआयच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख-क्रमांकच शून्य केला होता आणि त्या संगणकाला दिसेनाशा झाल्या होत्या. दहा-वीस टक्के जास्त देऊन अधिकृत वितरकाकडूनच मॉड्यूल मागवलं.

आधी रेडिओशिवाय तपासलं. मॉड्यूलच्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) पिना एकमेकींना जोडून टर्मिनलमध्ये टाइप केलं, अक्षरं परत आली. मॉड्यूलवरचा व्होल्टेज निवडायचा जम्पर ५ व्होल्टवर ठेवला. मग वायरी अदलाबदल करून जोडल्या, मॉड्यूलची टीएक्स रेडिओच्या आरएक्सला. इथे मॅन्युअलमधली आकृती समोर हवीच, कारण त्याच जॅकमध्ये १३.८ व्होल्टची पिनही आहे. रेडिओच्या मेनूत आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या सॉफ्टवेअरमध्ये सिरीयल वेग एकच ठेवला, ३८४०० बिट प्रति सेकंद.

पीटीटी, म्हणजे रेडिओला ट्रान्समिटवर नेणारा इशाराही कॅट कमांडनेच दिला. आरटीएस या सिरीयल पोर्टच्या कंट्रोल लाइनवर दिला असता, तर पोर्ट उघडताक्षणी ती लाइन सक्रिय होऊन रेडिओ आपोआप ट्रान्समिटवर जाण्याची शक्यता असते. पहिली चाचणी अर्थात डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर शोषणाऱ्या रोधावर) घेतली.

अँटेना लावून ४० मीटर बँडवर पॉवर वाढवली तेव्हा यूएसबी मधूनच तुटू लागलं. केबलमध्ये आरएफ, म्हणजे ट्रान्समिटरची रेडिओ-ऊर्जा शिरत होती. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या फेराइट कोअरवर (अशी ऊर्जा अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) यूएसबी केबलचे पाच-सहा वेढे दिले, कॅटच्या वायरी आखूड केल्या, आणि कनेक्शन तुटणं थांबलं.