जनरल डबा

माझ्या एका कथेत निवेदक मोटरमन आहे. पहाटे सव्वातीनला उठतो, दाढी न करताच निघतो आणि रुळावर कुणी आलं की ब्रेक मारून झाल्यावरही उरतात ती सेकंदं कशी जातात, ते सांगतो. कथा छापून आल्यावर एका कार्यक्रमात एक गृहस्थ भेटले. ‘छान जमलीय हो,’ म्हणाले आणि मग आवाज उतरवून, ‘मिस्टर रेल्वेत का?’

मिस्टर विम्यात आहेत. पण चहा गार होत होता, सांगितलं नाही.

त्याच कार्यक्रमात सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘आपल्या लाडक्या स्त्री-लेखिका’ अशी करून दिली. म्हणजे पिवळा पीतांबर. मराठीत ‘लेखिका’ म्हटलं की बाई आलीच, तिच्यामागे आणखी स्त्री कशाला जोडायची? माझ्या शेजारी बसलेले दोघे मात्र नुसतेच लेखक होते.

गाडीत असंच असतं. लेडीज डबा, फर्स्ट क्लास, अपंगांचा, मालडबा... उरतो तो जनरल. आम्ही बायका त्याला ‘जेन्ट्स’ म्हणतो, पण रेल्वेच्या लेखी तो जनरलच. बायकांना त्यात बंदी नाही. सकाळी पावणेनऊला ठाण्याला चढून बघा मात्र.

नावांचंही तेच. खांडेकर, माडगूळकर, तेंडुलकर. आणि इकडे दुर्गाबाई, शांताबाई. शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला जावं तशी ही हाक. मला ती आवडते, हीच तर पंचाईत आहे. 1975 साली कराडच्या संमेलनात, आणीबाणीत, अध्यक्ष म्हणून ठणकावून बोलल्या त्याही आपल्याला दुर्गाबाईच. शांताबाईंनी काही गाणी ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली. ती ऐकताना आपण कुणी हे शब्द बाप्याचे की बाईचे म्हणून थांबलो होतो? मी तरी नाही.

संमेलनाचा विषय निघालाच आहे तर, पहिलं भरलं 1878 साली. पहिली बाई अध्यक्ष झाली 1961 मध्ये, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. 2025 साली दिल्लीला तारा भवाळकर झाल्या, तेव्हा 98 संमेलनांत मिळून 6 बायका झाल्या. जनरल डब्यातही साधारण एवढ्याच दिसतात.

तरी लेडीज डब्याला नावं ठेवायचं माझं तोंड नाही. बावीस वर्षं मी त्याच्यासाठी धावले आहे. 5 मे 1992 ला चर्चगेट–बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा आमच्या मध्य रेल्वेवाल्या बायका पश्चिमवाल्यांवर किती जळल्या असतील! चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून मी जे ऐकलं, त्यावर माझ्या निम्म्या कथा उभ्या आहेत. एकदा समोरची बाई मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत होती. फोन खांदा आणि कानाच्या मधे. पलीकडे बहुधा भाऊ, वडिलांच्या खोलीच्या कागदांवर सही मागत असावा. ‘देते ना सही,’ ती म्हणाली, ‘पण आईला मधे घालून नको मागूस, मला माग.’ एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं. घाटकोपर आलं, ती उतरली. ते वाक्य मी जसंच्या तसं उचललं आहे.

मोटरमन मात्र त्या डब्यातून आला नाही. तो कुठून आला, मलाही धड सांगता येणार नाही.

दर फेब्रुवारीच्या शेवटी मला फोन येऊ लागतात. पितरांची आठवण जशी पितृपक्षात, तशी आमची 8 मार्चच्या आगेमागे. यंदा एका पुरवणीचे संपादक म्हणाले, ‘तुमची ती रेल्वेची कथा पुन्हा छापू. फक्त महिला दिन आहे, तर मोटरमन बाई करता येईल का?’

करता आलीही असती. सुरेखा यादव 1988 सालीच रेल्वेगाडीच्या चालक झाल्या होत्या.

‘अहो, त्याला दाढी आहे,’ मी म्हटलं. ‘दुसऱ्याच परिच्छेदात.’

पलीकडे जरा शांतता.

‘बरं, मग असू दे. पण तुमचा फोटो साडीतला पाठवा.’