जुनी जेट-स्की तापते तेव्हा

तारकर्ली, मुरुड, नागावच्या किनाऱ्यांवर जेट-स्की तापली की पहिला संशय वाळूवर घ्यावा. बहुतेक यामाहा मॉडेलांत इंजिन थंड करणारं पाणी जेट पंपाच्याच (पाणी मागे फेकून स्की पुढे ढकलणारा पंप) दाबाने येतं. उथळ पाण्यात स्टार्टर मारला की वाळू थेट आत! निदान ३ फूट पाणी हवंच.

इंजिन थंड करून बाजूच्या भोकातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली? इंजिन बंद करून पंपाच्या जाळीतली पिशवी, नायलॉनची दोरी काढा. मग गोड्या पाण्याने फ्लश, म्हणजे आतून धुणं: आधी इंजिन सुरू, लगेच नळ सुरू, थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. हा क्रम चुकला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरात शिरतं, आणि खर्च फार मोठा होतो. तरीही धार बारीकच असेल तर इम्पेलर (पंपातला फिरता पंखा) आणि वेअर रिंग (त्याभोवतीचं कडं) यांच्यामधली फट तपासा.

सी-डू या दुसऱ्या कंपनीच्या फोर-स्ट्रोक जेट-स्कीमध्ये कूलंट बंद चक्रात फिरतो. तिथे आधी त्याची पातळी बघा, इंजिन गार झाल्यावरच.