ट्रॅक्शन बार अपडेट : शेवटी शॅकलवाले लॅडर बार घेतले (२००६ सिल्व्हराडो २५००एचडी)

मंडळी, मागचा एक्सल उड्या मारतोय हे लिहिल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं की पुढं काय केलंस, तर ट्रॅक्शन बार (सुटताना एक्सल फिरू नये म्हणून लावायचे दांडे) आले, बसले, त्यावर ट्रेलर ओढून झाला आणि आता सविस्तर लिहिण्याइतकं हातात आहे. लांब होणार आहे, कारण कुठला बार का नाही घेतला हे सांगितल्याशिवाय कुठला घेतला याला काही अर्थ नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी गाडीची माहिती आधी. २००६ ची सिल्व्हराडो २५००एचडी, क्रू कॅब, एलबीझी ड्युरामॅक्स ६.६ डिझेल, सहा गिअरचा ॲलिसन १०००, मागे एएएमचा साडेअकरा इंची एक्सल, ३.७३ रेशो, पाटे (लीफ स्प्रिंग) एक्सलच्या वरून. ट्यून नाही, इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे. गाडी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला असते, उन्हाळ्यात हॉर्सटूथ तलावावर बोट, एरवी कॅम्पर घेऊन डोंगरात. रिकाम्या गाडीला हायवेवर काहीच जाणवत नाही. त्रास होतो तो ओल्या बोट रॅम्पवरून बोट वर ओढताना, सुटताना आधी एक थरथर, मग मागून धडधडधड, अख्खा बेड हलतो. आणि चढावर रिव्हर्समध्ये कॅम्पर ढकलताना.

होतं काय, तर इंजिन चाकाला पुढं फिरवतं तेव्हा एक्सलचं हाऊसिंग तेवढ्याच ताकदीनं उलटं फिरायला बघतं, पिनियनचं नाक (शाफ्ट जिथं एक्सलला जोडतो ते टोक) वर उचललं जातं आणि त्याला अडवायला असतात फक्त पाटे. पुढचा अर्धा पाटा वर फुगतो, मागचा अर्धा खाली दबतो, बाजूनं बघितलं तर आडवा एस दिसतो, यालाच एक्सल रॅप म्हणतात. टायरची पकड सुटली की पाटा फटकन सरळ होतो, चाक पुन्हा पकड घेतं, पुन्हा एस. कोरड्या रस्त्यावर नुसती थरथर वाटते, ओल्या काँक्रीटवर तीच उडी होते. आणि प्रत्येक वेळी शाफ्टच्या क्रॉसचा (यू-जॉइंटचा) कोन बदलतो, त्यामुळं क्रॉस आणि शाफ्टला मध्ये धरणारं कॅरिअर बेअरिंग दोन्हीचं आयुष्य कमी होतं.

आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. एलबीझीचा टॉर्क ६५० फूट-पाउंड, म्हणजे ८८१ न्यूटन-मीटर. ॲलिसनचा पहिला गिअर ३.१०, मागे ३.७३, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची वाढ न धरता एक्सलवर जवळपास १०,२०० न्यूटन-मीटर. आता रिव्हर्स बघा, त्याचा रेशो ४.४९ आहे, पहिल्या गिअरपेक्षाही जास्त, तिथं कागदावर पावणेपंधरा हजाराच्या आसपास जातं आणि तेही उलट्या दिशेनं, नाक खाली. प्रत्यक्षात एवढं पाट्यापर्यंत पोचायच्या आत टायर घसरतील, पण ट्रेलरचं वजन हिचवर असलं की मागची पकड वाढते आणि तेवढाच जास्त टॉर्क पाट्यावर येतो. म्हणून रिकाम्या गाडीत पार्किंगमध्ये टेस्ट करून "माझ्याकडे रॅप नाही" असं कुणी म्हणत असेल तर ट्रेलर लावून परत बघा.

बार घ्यायच्या आधी काय केलं ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण इथंच निम्म्या लोकांचे पैसे वाचतील. ॲक्शन कॅमेरा फ्रेमला क्लॅम्प करून पिनियनकडे तोंड करून लावला, पिनियनजवळ हाऊसिंगवर पांढऱ्या पेंटची एक रेघ मारली, आणि रॅम्पवर हळू सुटताना शूट केलं. स्लो मोशनमध्ये रेघ सरळ वर सरकताना दिसते, थांबते, मग खटकन खाली. सात अंशांच्या आसपास हालचाल. मग यू-बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) टॉर्क रेंचनं चेक केले, ढिले निघाले. पाट्याच्या पुढच्या आयचं (फ्रेमला लागणाऱ्या गोल टोकाचं) रबर बुश इतकं उललं होतं की पहार घालून दाबलं की पाटा बोटभर मागंपुढं व्हायचा. नवे यू-बोल्ट (जुने परत आवळू नका, एकदा ताणलेला यू-बोल्ट बदलायचाच), नवी बुश, सेंटर बोल्ट बघून घेतला. एवढ्यावरच सातचे पाचच्या खाली आले. ज्यांनी गाडी उंच करायला मागे ब्लॉक टाकलेत त्यांनी आधी ब्लॉकचा विचार करा, ब्लॉक जेवढा उंच तेवढा एक्सलला पाटा पिळायला जास्त लांब हात मिळतो, आणि एकावर एक दोन ब्लॉक कुणी ठेवले असतील तर बारचं नंतर बघू, आधी ते काढा.

उरलेल्या पाचसाठी बार. आता प्रकार.

स्लॅपर बार, म्हणजे पाट्याखाली घट्ट बांधलेला छोटा बार आणि पुढच्या टोकाला रबर, ते रबर पाट्याच्या आयखाली आपटून फिरणं थांबवतं. जुन्या मसल कारना ठीक. रिव्हर्समध्ये त्याचा उपयोग शून्य, आणि माझा निम्मा त्रास रिव्हर्सचा आहे, त्यामुळं लगेच बाद.

काल्व्हर्ट रेसिंगचे काल्ट्रॅक्स, यात पुढच्या आयच्या बोल्टवर एक प्लेट फिरते, खालचा बार तिला पुढं ढकलतो आणि ती पाट्याला वरून दाबते. ड्रॅगसाठी फार हुशार डिझाइन, मला मनापासून आवडतं. पण तेही पुढं जाण्यासाठीच आहे.

मग डिझेलवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा, लांब जाड पाइप, एक टोक एक्सलखाली, दुसरं फ्रेमवर, दोन्हीकडे हाइम जॉइंट (रबर नसलेला, लोखंडी गोळ्यावर फिरणारा). दिसायला एक नंबर, दोन्ही दिशांना काम करतो. पण दोन गोष्टी. एक म्हणजे लोड. पाटा आणि बार यांच्यात वरखाली अंतर असतं जेमतेम २५ सेंटीमीटर, तेवढ्या हातावर १०,२०० अडवायचे तर ढोबळ हिशेबानं दर बाजूच्या पाइपमधून दोन टनांच्या घरात दाब जातो आणि तो सगळा फ्रेमच्या ब्रॅकेटवर. दुसरी गोष्ट म्हणजे बाइंडिंग (बार अडकणं), आणि माझा निर्णय इथंच झाला.

एक्सल वरखाली होताना पाट्याच्या पुढच्या अर्ध्याच्या हिशेबानं छोट्या कमानीत फिरतो, ६० इंची बार मोठ्या कमानीत फिरतो. दोन्ही कमानी जुळत नाहीत. किती जुळत नाहीत हे बघायला शॉक सोडले, फ्रेम स्टँडवर घेतली, एक्सलवर जिथं ब्रॅकेट येणार तिथं मासेमारीची नायलॉन दोरी बांधून फ्रेमवरच्या खुणेपर्यंत ताणून धरली, दोरीवर मार्करनं टिंब केलं, आणि जॅकनं एक्सल पूर्ण खालपासून बंपस्टॉपपर्यंत नेला. टिंब पाव इंचाच्या वर सरकलं. पाव इंच ऐकायला काही नाही, पण जाड पाइप पाव इंच दबत नाही, म्हणजे तेवढं सगळं बुश, बोल्ट आणि ब्रॅकेटच्या वेल्डनं सोसायचं, दर खड्ड्याला. कॅम्पर लावल्यावर मागची बाजू बसते आणि बार वेगळ्याच कोनात काम करायला लागतो तो भाग आणखी. फक्त ड्रॅगला जाणाऱ्या गाडीला हे चालेल, वजन ओढणाऱ्या गाडीला नाही.

म्हणून शॅकलवाला लॅडर बार. याच्यात बार एक्सलला वर आणि खाली दोन जागी पकडतो, त्यामुळं तो हाऊसिंगचाच लांबलेला हात होतो, आणि पुढचं टोक फ्रेमखाली छोट्या शॅकलवर (मागंपुढं झुलणाऱ्या कडीवर). लांबीतला फरक शॅकल हलून गिळून टाकते, फिरणं मात्र अडतं. लोडही बघा, १०,२०० भागिले दीड मीटर, ते दोन बाजूंत वाटलं, म्हणजे पुढच्या टोकाला दर बाजूला साडेतीनशे किलोच्या आत, आणि तेही उभ्या दिशेनं. बार आखूड घेतला, १.२ मीटरचा, तर तेच सव्वाचारशेच्या वर जातं. लांबीला आणखी एक कारण आहे, बार साधारण मागच्या शाफ्टएवढा लांब असला की सस्पेन्शन हलताना पिनियनचं नाक शाफ्टच्या मागोमाग राहतं, क्रॉसचे कोन बिघडत नाहीत. माझं पुढचं माउंट कॅरिअर बेअरिंगच्या जवळपास येतंय हे बघूनच ६० इंची घेतला.

याचा तोटाही आहे आणि तो नीट समजून घ्या. दोन्ही बाजूला लॅडर बार असले की एक चाक वर, एक खाली जाताना दोन्ही बार एक्सल ट्यूबला पिळतात, म्हणजे अँटीरोल बारसारखं काम करतात. दगडातून गाडी घालणारे म्हणून डिफरन्शलच्या शेजारी एकच बार लावतात, शॅकलसकट, आणि त्यांच्यासाठी तेच बरोबर. मला वळणावर कॅम्पर घेऊन थोडी जास्त घट्ट मागची बाजू चालते, उलट आवडली.

जॉइंट कुठला यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. हाइमला खेळ नसतो, पण कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, ते आणि बारीक रेती उघड्या हाइममध्ये गेली की लवकरच खटखट सुरू. म्हणून सगळीकडे पॉलियुरेथेन बुश, ग्रीस निपलवाले. थोडं मऊ आहे, वर सांगितलेल्या पिळाला थोडी जागा देतं, आणि ग्रीस मारलं तर कुरकुरत नाही.

बसवताना डाव्या बाजूला डिझेल टाकी आणि हँडब्रेकची केबल, उजव्या बाजूला एक्झॉस्ट, त्यामुळं बार फ्रेमच्या बरोबर खालीच येतात. फ्रेम तिथं सी-चॅनल आहे, नुसते बोल्ट आवळले तर पत्रा दबेल, म्हणून आतून पाव इंची प्लेट टाकली. एक्सलवर क्लॅम्पवालं ब्रॅकेट घेतलं, ट्यूबला वेल्डिंग नाही, एका जागी जास्त उष्णता गेली तर ट्यूब वाकते आणि मग एक्सल सील गळत बसतात. शेवटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे, हवेत लटकलेली असताना नाही, नाहीतर बुश कायम पिळलेली राहते.

तोच रॅम्प, तीच बोट, तोच कॅमेरा, आता रेघ दीड-दोन अंश हलते आणि तिथंच राहते. उडी गेली. रिव्हर्समध्ये कॅम्पर चढावर ढकलताना पूर्वी ब्रेकवर पाय ठेवून हळूहळू सोडायला लागायचं, आता गाडी सरळ मागं जाते. रिकाम्या गाडीत लहान खड्ड्यांवर किंचित कडक वाटतं, बायकोला काही फरक वाटला नाही.

पुण्या-नाशिककडून इसुझू व्ही-क्रॉस पिकअपवाल्यांनी विचारलंय, त्यांना एवढंच, बीएस६ ला ३६० न्यूटन-मीटर आहे आणि लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला तो बराच वाढतो, त्यामुळं रॅप होऊ शकतो, पण आधी कॅमेरा लावून रेघ बघा, यू-बोल्ट आणि बुश बघा, आणि बारच हवा असेल तर ऑफरोडसाठी एकच, शॅकलवाला.

सुटतानाची थरथर बरीच कमी झालीये पण पूर्ण गेलेली नाही, आणि आता ती मागून नाही तर सीटच्या खालून येते, म्हणजे संशय कॅरिअर बेअरिंगवर. ते मागवलंय. ते बसवताना यू-बोल्ट आणि बारचे सगळे बोल्ट परत टॉर्क करणार आणि क्रॉसचे कोन मोजून टाकणार.