कडा, कवड्या आणि परत मेलेले मावळे

मंडळी, मावळ्यांनी कडा चढून गड घ्यायचा हा जो रोलप्लेइंग गेम मी बनवतोय, त्याची शनिवारी चौथी प्लेटेस्ट म्हणजे चाचणी झाली आणि चौथ्यांदा टीपीके, म्हणजे अख्खी टोळी खलास, तीही तटाला हात लागायच्या आधी. गनीम एकही भेटला नाही. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हा गेम गडाचा आहे का दरीचा?"

मागचा नियम आठवत असेल, पाच कवड्या फेकायच्या, दोन किंवा जास्त उताण्या पडल्या की टप्पा पार. एनीडाइस या फाशांची शक्यता काढून देणाऱ्या साइटवर याचे ८१ टक्के येतात म्हणून मी निवांत होतो. पण कड्याला टप्पे दोन आणि खेळणारे चौघं, सगळ्यांनी दोन्ही वेळा सुटायचं म्हणजे ८१ चे होतात १९, हे वहीत मांडलं तेव्हा कपाळावर हात मारला. बरं, १९ तरी कुठे मिळत होते!

म्हणून रविवारी चहा घेऊन बसलो आणि कवड्याच मोजल्या. २० फेका, म्हणजे १०० कवड्या, त्यात उताण्या ४१. कवडी म्हणजे नाणं नव्हे हे इतके दिवस डोक्यातच आलं नाही, ती पालथी पडली की घट्ट बसते आणि पाठीवर नुसती डुगडुगते. ४० टक्के धरले तर एका फेकीचे ६६ आणि चौघांचे दोन्ही टप्पे मिळून चारच्याही खाली. बिचारे मावळे.

दुसरा सेट ऑनलाइन मागवला तर पाठ कापलेल्या आल्या, माळेत ओवायच्या, फोटोत फक्त तोंडाची बाजू दाखवलेली. चपट्या, नुसत्या घसरतात. तुळशीबागेत जाऊन हातात घेऊन बघा आणि मगच घ्या. आणि स्टीलच्या ताटात फेकू नका, शेजारचे विचारायला येतात.

कवड्या बदलून सहाचे फासे घेणार होतो, पण गडबड फाशात नव्हतीच. वर दोर बांधला की मागचे त्याच दोराने येणार, मग दर माणसाला नव्याने मरायची संधी कशाला? आता पहिलाच फेकतो, फसला तर पडत नाही, चाहूल, म्हणजे गडावर लागलेल्या कुणकुणीचा आकडा, एकने वाढते. मागच्यांनी आपापल्या ताकदीच्या साठ्यातला, म्हणजे दमातला, प्रत्येकी एक खर्चायचा, दम संपला असेल तर परत चाहूल. सहावर गेली की गस्तवाला मशाल घेऊन हजर.

काल रात्री ओट्यावरच ताईला घेऊन ट्राय केलं, मागचे दोघं मीच चालवले. शेवटचा टप्पा, चाहूल पाच, कुणाकडेच दम नाही, आणि ती कवड्या मुठीत धरून बसलीये, फेकेचना! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी घाबरलं. तीन उताण्या पडल्या, मागून दोघं दोराला लागले आणि मशाल आलीच, पण ताई तोवर तटावर होती. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

आणि हे टाइप करता करता सुचलं, चाहूल मुद्दाम दुसरीकडे केली तर? कोंडाजी फर्जंदाने १६७३ मध्ये ६० माणसांनिशी पन्हाळा घेतला, तेव्हा कर्णे फुंकून गोंधळ उडवला असं सांगतात. म्हणजे एकाने कर्णा फुंकायचा आणि आपली चाहूल पलीकडच्या बुरुजावर ढकलायची. मग सिंहगडाचा वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारा डाव, राहू दे बाजूला, आधी पन्हाळाच लिहितो. फक्त कर्ण्याला दम किती लावू, दोन का तीन? दोन ठेवला तर चुलतभाऊ रात्रभर फुंकतच बसेल.